कोणाचा रे तू?

मराठी घरातल्या वाढत्या वयाच्या मुलाच्या हाती गेली नव्वद वर्षं जे पुस्तक हमखास पडतं, ते आठवणींचं पुस्तक आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पाच दिवसांत ते लिहून झालं आणि १९३५ साली छापून आलं. लिहिणारा गजाआड, आई केव्हाच जग सोडून गेलेली, कोकणातलं गाव दूर. हाताशी उरलं होतं ते आठवणं तेवढं. त्या भांडवलावर श्याम उभा राहिला, आणि माणूस म्हणजे त्याच्या आठवणी ही गोष्ट आपल्या कित्येक पिढ्यांना न सांगता पटली. त्यानंतर आला भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे. तो आठवणींत रमणारा नव्हे, सायकलवर टांग टाकून निघणारा. पण फुरसुंगीच्या फेण्यांचा मुलगा, पुण्याच्या विद्याभवनचा विद्यार्थी, हा त्याचा पत्ता पक्का असतो. कितीही मोठ्या संकटात सापडला तरी आपण कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही आणि समोरच्यालाही पडत नाही. आपलं किशोरसाहित्य या दोन मुलांच्या खांद्यांवर बरंचसं उभं आहे: एकाकडे आठवणी आहेत, दुसऱ्याकडे ओळख.

ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, अशा मुलाची गोष्ट हा या लेखाचा विषय आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शुद्धीवर येतो, स्वतःचं नाव सांगता येत नाही, आणि कोणीतरी आपल्या मागावर आहे एवढंच त्याला कळतं. का, ते कळत नाही. इंग्रजीत या कथानकाची मळलेली वाट आहे. रॉबर्ट लडलमचा जेसन बॉर्न १९८० साली आला तो मोठ्यांसाठी. जेम्स डॅशनरच्या ‘द मेझ रनर’मधला थॉमस २००९ साली किशोरांसाठी आला, आणि त्याला स्वतःच्या पहिल्या नावापलीकडे काही आठवत नव्हतं. मराठीत बाबूराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत रहस्यकथेची भरघोस परंपरा आहे, पण ती प्रामुख्यानं मोठ्यांची. किशोरांसाठी या वाटेनं फारसं कोणी गेलेलं नाही. जायला हवं, असं माझं म्हणणं आहे; मात्र परक्या साच्यात आपली नावं भरून नव्हे. त्या साच्यात विस्मरण म्हणजे कुलूप घातलेली पेटी असते, शेवटच्या प्रकरणात ती उघडते, आत एक भयंकर गुपित निघतं आणि गोष्ट संपते. आपल्याकडे ही गोष्ट खरी वाटायची असेल तर तिचा मुख्य प्रश्न ‘मी कोण?’ हा असून चालणार नाही. तो प्रश्न गावानं विचारायचा आहे: कोणाचा रे तू? आठवण गेलेल्या मुलाच्या गोष्टीत खरी परीक्षा त्याच्या मेंदूची नसते. त्याच्याबद्दल खात्री देणारं कोणी आहे का आणि कशाच्या आधारावर, ही परीक्षा भोवतालच्या माणसांची असते.

हे उदाहरणानं तपासायला नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका घेतला आहे. मुंबई-भुसावळ लोहमार्ग या तालुक्यातून जातो. खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव अशी ठेसनं एकामागून एक येतात आणि पुढे मनमाडचं मोठं जंक्शन. एका अंगानं मुंबई-आग्रा महामार्ग ओझर आणि पिंपळगाव बसवंतवरून जातो, दुसऱ्या अंगानं नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्ता निफाड, विंचूरवरून येवल्याकडे. म्हणजे कोणीही कुठूनही येऊन उतरू शकतं. मध्ये द्राक्षबागा, ऊस, कांद्याच्या चाळी. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं, पाणवेलींनी आणि पाणकणसांनी भरलेलं. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याची बातमी अनेकदा येते. लपणाऱ्या मुलाला रात्र उघड्यावर काढता येऊ नये, याची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. आणि नांदूरच्या पाणकणसांत लपावं तर थंडीत तिथे पहाटेपासून दुर्बिणी लावून बसलेले पक्षिनिरीक्षक! थरारकथेला लागणारा भूगोल इतका आयता क्वचित मिळतो.

पहिला आक्षेप इथेच येतो: विस्मरणाची कथा मुळात बाहेरची, आपल्या मातीत ती कलम केलेलीच वाटणार. हा आक्षेप टिकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, आणि मराठी संगीत नाटकाचा इतिहास ज्या कथेपासून मांडला जातो ती विस्मरणाचीच कथा आहे. विसरतो राजा, आणि उभं राहायला जागा उरत नाही ती शकुंतलेला. कालिदासाला नेमकं ठाऊक होतं की विसरण्याची शिक्षा विसरणाऱ्याला कमी आणि विसरल्या गेलेल्याला जास्त होते. पुरावा म्हणून तिच्याकडे एक अंगठी होती, तीही हरवली. आता अलीकडचं आणि किशोरांसाठीचं उदाहरण घ्यायचं तर सत्यजित राय यांचं ‘फटिकचाँद’. १९७०च्या दशकातली ही बंगाली किशोर कादंबरी. संदीप राय यांनी १९८३ साली तिच्यावर चित्रपट केला. सुखवस्तू घरातला बारा वर्षांचा मुलगा पळवला जातो, पळवणाऱ्यांच्या गाडीला अपघात होतो, मुलगा वाचतो पण सगळं विसरतो. फटिक हे नाव घेऊन तो कलकत्त्यात येतो, हारून नावाचा रस्त्यावर खेळ करणारा बाजीगर त्याला आसरा देतो, चहाच्या दुकानात तो काम करतो, आणि वाचलेले गुंड त्याच्या मागावर असतात. पळापळ या कथेत आहेच, पण वाचकाच्या मनात मुक्काम करतो तो हारून. तो मुलाला कागदपत्र विचारत नाही, खानदान विचारत नाही. पुढे मुलगा घरी जातो तेव्हा त्याचं श्रीमंत घर आणि हा फाटका माणूस यांतलं कोण त्याचं जास्त, असा पेच राय वाचकापुढे टाकतात. बॉर्नची कथा वाचून हा पेच पडत नाही. विस्मरणाची कथा आपल्या भूमीवर किती वेगळी उगवते, याला दुसरा दाखला नको.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो जास्त वजनदार आहे. डोक्याला मार लागला, नाव-गाव पुसलं गेलं, पुन्हा मार लागला आणि सगळं परत आलं, हे हिंदी सिनेमानं रूढ केलेलं शास्त्र निव्वळ थाप आहे. डोक्याला मार लागल्यावर बहुधा त्या घटनेच्या आगेमागेचे काही तास किंवा दिवस जातात. नव्या गोष्टी काही काळ लक्षात राहत नाहीत. स्वतःचं नाव विसरणं फार विरळ, आणि जिथे तसं होतं तिथे कारण बहुतेक वेळा मारापेक्षा मनावरच्या असह्य आघातात असतं. दुसरा फटका काहीही परत आणत नाही, उलट जीव घेऊ शकतो. लेखकानं हे मान्य करूनच लिहायला बसावं. गंमत अशी की शास्त्र जसं आहे तसं घेतलं तर कथा कमकुवत होत नाही, बळकटच होते. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याच्या मेंदूत नवी आठवण रुजेनाशी झाली. २००८ साली तो मरण पावेपर्यंत जग त्याला एच. एम. एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखत होतं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. रोज तो म्हणायचा की हे आपण कधी केलेलं नाही, आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चालायचा. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, हे त्या चांदणीनं दाखवलं. आठवणींची कोठारं वेगवेगळी असतात. एक रिकामं झालं म्हणून सगळी होत नाहीत.

बॉर्नच्या हातांना मारामारी आठवते. निफाडच्या मुलाच्या हातांना काय आठवेल? इथे कथाकाराला जे मिळतं ते लडलमला मिळालं नव्हतं. कल्पना करा, एका बागाईतदारानं दया येऊन त्याला मजुरांत उभं केलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी चालू आहे, मुलाच्या हाती कात्री दिली, आणि कुठल्या डोळ्यावर काडी तोडायची हे त्याच्या बोटांना विचार न करता समजलं. किंवा पुढे मण्यांची विरळणी चालू असताना, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवायचं डिपिंग चालू असताना, त्याचा हात इतर पोरांपेक्षा जलद चालला. म्हणजे हा बागेत काम केलेला मुलगा आहे. बाग कोणाची, कुठली, हे कळत नाही. पण शोधाला दिशा मिळाली. उलट त्याला कात्री धरताच आली नाही, पण लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपुढे उभं राहून लिलावाचे आकडे ऐकताच तो मनातल्या मनात हिशेब करू लागला, तर गोष्ट दुसरीकडे वळते. हा व्यापाऱ्याकडे राबलेला असावा. चाळीतला कांदा हातात घेऊन तो उन्हाळ की लाल, टिकेल की सडेल हे सांगणारा मुलगा शहरातून आलेला नसतो. थरारकथेत सुगावे पेरायचे असतात. ते पिस्तुलांत आणि पेनड्राइव्हमध्ये शोधण्यापेक्षा कामाच्या सवयींत शोधले तर वाचणाऱ्या मुलाला स्वतःच्या घरातल्या हातांकडे नव्यानं पाहता येतं.

हातांइतकीच विश्वासू जीभ. नाशिक जिल्ह्यात एका दिवसाच्या प्रवासात बोली बदलत जातात. पेठ-सुरगाण्याकडे कोकणा, बागलाण-मालेगाव-कळवणकडे अहिराणी. दिवसा प्रमाण मराठी बोलणारा मुलगा झोपेत ‘माझा’च्या जागी ‘मना’ म्हणाला, तर जवळ झोपलेल्या मजुराला कळेल की हा मोसम-गिरणेकडचा किंवा खानदेशातला. ही नुसती कादंबरीतली युक्ती नाही. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना कर्जतच्या केंद्रात आणते, उपचार करते आणि घरी पोहोचवते. २०१८चा मॅगसेसे पुरस्कार याच कामाला मिळाला. आपण कोण हे सांगू न शकणाऱ्या माणसाचं घर शोधताना तिथले कार्यकर्ते बोलीवर, मध्येच तोंडून निसटलेल्या गावाच्या नावावर भिस्त ठेवतात. उपचारानं मन सावरू लागलं की असे तुकडे वर येतात, आणि त्यांवरून परप्रांतातली घरं सापडली आहेत. एका रहस्यकथेला पुरून उरेल इतका शोध या संस्थेच्या रोजच्या कामात आहे, फक्त त्यात खलनायक नसतो.

तिसरा आक्षेप गावाबद्दलचा. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे अनोळखी मुलगा चार तास लपणार नाही, मग कादंबरी चालणार कशी? हे खेडं आपण जुन्या कथांतून उचललेलं आहे. आजच्या निफाड तालुक्यात हंगाम सुरू झाला की पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून द्राक्षबागांच्या कामाला मजुरांच्या टोळ्या येतात, ऊसतोडीला दूरच्या जिल्ह्यांतून मुकादमानं उचल देऊन आणलेली कुटुंबं येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं नाव गावात कोणाला ठाऊक असतं? ‘टोळीतला’ एवढीच त्याची ओळख. आठवण न हरवताही तो बेनाव असतो. म्हणजे गावात लपणं अवघड नाहीच. अवघड आहे ते सापडणं. आणि पाठलाग करणारे कोण असतील यासाठीही कल्पनेला ताण द्यावा लागत नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे एखादी मेंढी आणि थोडक्या पैशांवर राबायला ठेवल्याचं उघड झालं, एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा. उचल फिटेपर्यंत पोरगं आपलं, असं समजणारा माणूस पळालेल्या पोराच्या मागे लागला, तर त्याला गुप्तहेर संघटनेची गरज नाही. एक मोटारसायकल आणि ओळखीचे चार लोक पुरतात.

याहून भयानक एक पाठलाग आहे, तो जमावाचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले होते. मोबाइलवरची एक अफवा आणि ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला तिथे उत्तर देणारं कोणी नसणं, एवढ्यावर पाच जीव गेले. आता निफाडमधलं असं दृश्य डोळ्यांसमोर आणा: बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेला रात्री बॅटऱ्या घेऊन उभे असलेले लोक, अंधारातून पळत येणारा मुलगा, आणि त्याला नाव विचारलं तर तो गप्प. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ते काय लावतील? इथे विस्मरण हा शारीरिक धोका होतो. आपलं नाव सांगता येणं हे केवढं संरक्षण आहे, ते ज्याला सहज सांगता येतं त्याच्या ध्यानात येत नाही.

कायदा अशा मुलाला वाऱ्यावर सोडत नाही, आणि किशोर कादंबरीकारानं कायदा नीट वाचावा असा माझा आग्रह आहे. त्यात नाट्य ठासून भरलं आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार पालकांविना सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्याचं नाव-फोटो छापून ओळख उघड करायला बंदी आहे. मूल कुटुंबात परत जावं हे पहिलं उद्दिष्ट, पण चौकशी केल्याशिवाय नाही. आता समजा, समितीपुढे एक सभ्य दिसणारा माणूस येतो आणि म्हणतो, हा माझा पुतण्या. डोळ्यांत पाणी, हातात कसलासा कागद. मुलाला तो आठवत नाही. पण त्याला कोणीच आठवत नाही, मग याला नाकारायचं कशाच्या जोरावर? ‘नाही, हा माझा काका नाही’ असं ठामपणे म्हणायला आधी आपला काका कोण हे माहीत असावं लागतं. पोटात गोळा येतो, एवढंच मुलाकडे आहे, आणि पोटातला गोळा पुरावा होत नाही. माझ्या मते या प्रकारच्या कथेतला सर्वांत मोठा थरार या टेबलाभोवती आहे. एकही गोळी सुटत नाही, कोणी धावत नाही, आणि वाचकाला श्वास घेता येत नाही. मग समितीतल्या चौकशी करणाऱ्या बाईंनी त्या माणसाला काय विचारावं? घरात आजीला काय म्हणतात, मुलाच्या अंगावरची कोणती खूण कपड्यांखाली आहे, लहानपणी कशाला घाबरायचा. आठवण मुलाची गेली आहे, पण खऱ्या काकाची तर नाही ना. पडताळणी दावा करणाऱ्याच्या आठवणीची होते. माझ्या मूळ मुद्द्याला यापेक्षा चांगला आधार मला दिसत नाही.

वयाचा प्रश्न तर अजून बारीक. नाव हरवलेल्या मुलाची जन्मतारीखही हरवलेली असते. कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, मग नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. ती तपासणी अंदाजच सांगते. वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. आणि सोळा, अठरा या दोन आकड्यांवर कायद्यात सगळं बदलतं. मुलावर एखाद्या गंभीर गुन्ह्याचा संशय असेल तर तो सोळाच्या आतला की वरचा, अठराच्या आतला की वरचा, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरणार. पाठलाग करणाऱ्याला तो अठराचा हवा असू शकतो, वाचवणाऱ्याला पंधराचा. मुलाला स्वतःला खरं हवं असतं, आणि तेच कोणाजवळ नसतं.

इथे चौथा आक्षेप हमखास येतो: आता आधार आहे, बोट टेकवलं की माणूस कळतो, मग विस्मरणाची कादंबरी कालबाह्य झाली. याचं उत्तर नागपूरनं दिलेलं आहे. लहानपणी नागपूर रेल्वे स्थानकावर सापडलेला, स्वतःबद्दल धड सांगू न शकणारा एक मुलगा तिथेच नव्या नावानं, प्रेमळ घरात वाढला. शाळेसाठी आधार काढायला गेल्यावर त्याची नोंदणी वारंवार फेटाळली जाऊ लागली. शेवटी २०२१ साली कारण कळलं: ती बोटं आधीच जबलपूरमध्ये दुसऱ्या नावानं नोंदलेली होती. तिथे त्याचे आई-वडील वाट पाहत होते. मधे गेली होती जवळपास दहा वर्षं. यंत्राला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण यंत्राला कोणी विचारलं नव्हतं. आणि ज्या मुलाची नोंदणीच झालेली नाही, ज्याची बालपणी झाली पण बोटांचे ठसे त्या वयात घेतलेच जात नाहीत म्हणून घेतले गेले नाहीत, त्याचं काय? पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे आधारसाठी घेत नाहीत; ते पुढे द्यावे लागतात, आणि भटक्या कुटुंबातलं मूल ते द्यायला कधी केंद्रावर जातं? नागपूरच्या गोष्टीतला आणखी एक पदर मला कादंबरीच्या दृष्टीनं मोलाचा वाटतो. एका घरानं दहा वर्षं ज्याला आपलं म्हटलं, त्याला दुसऱ्या घराच्या हवाली करायचं होतं. ‘कोणाचा रे तू?’ याला तिथे दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. फटिक आणि हारूनचाच पेच हा, फक्त या वेळी कादंबरीबाहेर घडलेला.

भय आणि हिंसा मुलांच्या हाती द्यावी का, हा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण तो विचारणारे मोबाइलबद्दल तो विचारत नाहीत. बारा-तेरा वर्षांचं मूल राईनपाड्यासारख्या घटनेची चित्रफीत पाहू शकतं, तिथे त्याला थांबवून विचार करायला लावणारं कोणी नसतं. पुस्तक थांबवतं. अट एकच, की हिंसा नटवून दाखवू नये आणि जखम दोन पानांत भरून येऊ नये.

आता शेवटाबद्दल. आठवण परत येणं हा या प्रकारातला सर्वांत सोपा आणि सर्वांत खोटा शेवट आहे. आठवण कपाटात ठेवलेली वस्तू नसते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली दाखवलं की अपघाताची चित्रफीत पाहिलेल्या लोकांना गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं की ते जास्त वेग सांगतात, आणि साधा शब्द वापरला की कमी. पुढे तर न घडलेली बालपणीची घटनाही सूचनेनं काही जणांना आठवू लागली. याचा अर्थ असा, की आठवू पाहणाऱ्या मुलाशी जो बोलतो तो त्याची आठवण घडवतो. पोलिसानं विचारलेला प्रश्न, तोतया काकानं सांगितलेली लडिवाळ हकिगत, मैत्रिणीनं केलेला अंदाज, सगळं आत जाऊन बसतं आणि काही दिवसांनी स्वतःचं वाटू लागतं. म्हणून शेवटी परत आलेल्या आठवणीवर वाचकानं विश्वास ठेवावा असं लेखकाला वाटत असेल, तर तिला हातांची, बोलीची किंवा कागदाची साक्ष जोडावी लागेल. मला स्वतःला असा शेवट जास्त पटेल, जिथे मुलाला सगळं आठवलेलं नाही, काही कधीच आठवणार नाही, पण तो कोणाचा हे सांगायला चार माणसं उभी राहिलेली आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाला निवडायचं हे तो ठरवतो आहे.

निफाडचा सर्वांत मोठा माणूस हे या म्हणण्याला पूरकच उदाहरण आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी या गावी जन्मले. त्यांचे ग्रंथ आणि भाषणं अभ्यासकांनी वाचली, पण घरातला, माणूस म्हणून रानडे महाराष्ट्राला माहीत आहेत ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ या पुस्तकामुळे. त्यांनी स्वतःबद्दल काय आठवून ठेवलं होतं, हे गौण ठरलं. त्यांच्याबद्दल दुसऱ्यानं काय आठवून ठेवलं, ते टिकलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे खरं असेल, तर टोळीतल्या बेनाव पोराच्या बाबतीत ते किती पटींनी खरं असेल.

या विषयाकडे वळणाऱ्या लेखकाला म्हणूनच एक विनंती. पाठलाग कसा लिहायचा ते शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत. त्यांच्या आधी एक हंगाम बागेत, चाळीत, बाजार समितीच्या आवारात आणि जमल्यास बालकल्याण समितीच्या कामकाजाची माहिती घेण्यात घालवा. आणि वाचणाऱ्या मुला-मुलींनो, अशी कादंबरी हाती आली तर शेवटचं पान आधी उघडू नका. गुंड कोण हे तुम्हाला बहुधा तिसऱ्या प्रकरणात कळेल. त्या मुलाला पहिल्यांदा जेवायला कोणी बसवलं, त्याला हाक मारायला नाव कोणी दिलं आणि कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, यांवर खूण करत वाचा. आणि एकटं, गोंधळलेलं पोर तुमच्याच ठेसनावर दिसलं, तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.